पलंगाखालचे अकरा दिवस

महोदय,

बेवारस किंवा सुटका केलेलं कुत्रं दत्तक घ्या, असं आवाहन सगळेच करतात. घ्यावंच. पण ते घरी आल्यावर पुढे काय, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी आमच्याकडे तीनेक वर्षांची कुत्री आली. ‘चार दिवसांत रुळेल,’ म्हणून देणारे निघून गेले. ती थेट पलंगाखाली शिरली, भिंतीला पाठ लावून बसली आणि पुढचे अकरा दिवस आम्ही निजल्याशिवाय बाहेर आली नाही. सकाळी पाण्याचं भांडं अर्धं झालेलं दिसायचं, तेवढाच तिचा पत्ता.

तिसऱ्या दिवशी शेजारपाजारचे तिला बघायला आले. मी पालथा पडून तिचा पट्टा धरून ओढू लागलो. ती गुरगुरली, मी ओरडलो. पशुवैद्यांना फोन केला तर त्यांनी मलाच झापलं. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ एवढंच ती सांगत होती. ते दाबलं की पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं. दुखण्यामुळेही कुत्री अशी बुजतात, हात लावू देऊ लागली की तपासायला आणा, असंही ते म्हणाले.

मग मी रोज संध्याकाळी पलंगापासून चार हातांवर, तिच्याकडे तोंड न करता, जमिनीवर बसून पेपर वाचू लागलो. मोठ्याने, अग्रलेखासकट. (इतक्या शांतपणे आपला अग्रलेख आमच्या घरात आजवर कोणी ऐकला नव्हता.) तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, अधूनमधून खाऊचा तुकडा तिच्या बाजूला सरकवायचा. ती सारखी जांभया द्यायची, ओठ चाटायची. मला वाटायचं झोप आली, भूक लागली. ती भीती होती, हे फार उशिरा कळलं. बाराव्या दिवशी पानाच्या कडेला ओलं नाक टेकलं. मी बराच वेळ पान उलटलं नाही.

बाहेर नेताना मात्र गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा), दोन्हींना दोरी हवी. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत गळपट्ट्यातून डोकं सोडवून घेतं, आणि एकदा पळालं की हाकेला येत नाही.

आजही दाराची बेल वाजली की ती पलंगाखाली जाते. आम्ही वाकून बघत नाही.

कुत्री दत्तक देणाऱ्यांना एकच विनंती. आठवडे लागतील, कदाचित महिने, हे आधीच सांगा. दहाव्या दिवशी तिला परत न्या म्हणून मी फोन केला होता. तो कोणी उचलला नाही.

– एक वाचक