माणदेशातल्या बाईंना, युवास्कुलाहून

युवास्कुला, फिनलंड
फेब्रुवारी अखेर

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू दोनच गोष्टी विचारतेस, जेवलीस का आणि थंडी किती आहे. तिसरा प्रश्न तुझ्या मनात असतो, पण आजी आणि छोटू फोनवर वाकलेले असताना तो निघत नाही. तिथल्या शाळा म्हणतात तशा आहेत का गं, हा तो प्रश्न. त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे आजीलाही ऐकता येईल.

आधीचे दोन प्रश्न संपवते. जेवण नीट चाललंय. विद्यापीठाच्या उपाहारगृहात सरकारी अनुदानामुळे विद्यार्थ्यांना तीन युरोच्या आसपास पोटभर जेवायला मिळतं. उकडलेले बटाटे, डाळीचं किंवा भाजीचं काहीतरी, कोशिंबीर, राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि दूध. तिखटाची सोय तू बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीने होते. थंडीचं म्हणशील तर मध्यंतरी उणे वीसपर्यंत गेलं होतं. शहराच्या कुशीतलं मोठं तळं गोठून पांढरं सपाट झालंय. लोक त्यावरून चालतात, स्केटिंग करतात, आजोबा लोक कुत्री फिरवतात. मीही मैत्रिणींबरोबर मधोमध जाऊन आले. उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या गावची मुलगी पाण्यावर उभी होती, आणि मला तेव्हा तुमच्या सगळ्यांची फार आठवण आली.

आजीला एक सांगायचं राहिलं. इथे प्रत्येक स्वयंपाकघरात सिंकच्या वर एक कपाट असतं आणि त्याच्या तळाला फळीऐवजी तारेची जाळी असते. धुतलेलं ताट पुसायचं नाही, ओलंच त्यात उभं करायचं आणि दार लावून टाकायचं. पाणी आपोआप खाली सिंकमध्ये निथळतं. मायू गेभार्ड नावाच्या बाईंनी 1940च्या दशकात ते कपाट तयार करून पुढे आणलं. बायकांचं आयुष्य भांडी धुण्या-पुसण्यात किती जातं याचा कुणीतरी गांभीर्याने विचार केला, हे मला फार आवडलं. बाबा, आपल्याकडे तसं एक करून घ्याच.

आता शाळा.

विद्यापीठाची स्वतःची सराव शाळा आहे. तिथे आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना वर्गात मागे बसून निरीक्षण करता येतं. मी तिसरीच्या वर्गात जाते. दारात बूट काढायचे, आत सगळे लोकरीच्या मोज्यांवर. मुलं बाईंना नावाने हाक मारतात. पंचेचाळीस मिनिटांचा तास झाला की पंधरा मिनिटांची सुट्टी, आणि ती बाहेरच काढायची, बर्फ पडत असला तरी. मुलं जाड कपडे स्वतःच चढवतात आणि आल्यावर ओले हातमोजे वाळत घालतात. त्यांच्यामागे कुणी धावत नाही. दुपारी सगळ्यांना गरम जेवण असतं, तेही फुकट. 1948 पासून हा देश सगळ्या शाळकरी मुलांना जेवू घालतो, आणि तेव्हा तर तो युद्धातून नुकताच, अगदी रिकाम्या खिशाने बाहेर पडला होता. मुलं आपलं ताट आपण वाढून घेतात, शेवटी जागेवर नेऊन ठेवतात. त्या रांगेकडे बघताना मला आपल्या शाळेचा व्हरांडा दिसतो, खिचडीच्या पातेल्याजवळ बसलेल्या मावशी दिसतात. जेवणाच्या बाबतीत आपण मागे आहोत असं मला मुळीच वाटत नाही. तुझ्या शाळेतली मुलं ज्या मायेने जेवतात ती मी लहानपणापासून बघितली आहे.

हस्तकलेच्या तासाला मात्र मी थक्क झाले. नऊ वर्षांची मुलगी करवतीने फळी कापत होती, शेजारी एक मुलगा विणत बसला होता. मुलगे आणि मुली दोघांनाही दोन्ही शिकावं लागतं. मी शिकते त्या संस्थेचे पहिले प्रमुख ऊनो सिग्नेउस यांनी हे विषय शाळेत आणले, 1866च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याबरोबर ते सक्तीचे झाले. हाताने काम करताना मूल विचार करायला शिकतं, अशी त्यांची धारणा होती. तुझ्या डी.एड.च्या जुन्या वहीत नई तालीमवरचं, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्यावरचं, टिपण आहे बघ, 1937 सालचं वर्धा, गांधीजी, सूतकताई. मला ते पान आठवलं. विचार तर आपल्याकडेही होता. इथे तो वेळापत्रकात आला आणि दीडशे वर्षं तिथेच राहिला.

सिग्नेउस यांचं अध्यापक विद्यालय 1863 साली इथे सुरू झालं. फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारी ती पहिली संस्था. तेव्हा इथे राज्य रशियाचं होतं आणि शिकल्यासवरल्या लोकांची भाषा स्वीडिश. शेतकऱ्यांच्या भाषेत उच्च शिक्षण देता येतं यावर अनेकांचा विश्वास नव्हता. या गावात मात्र फिनिश माध्यमाची शाळा निघाली, मुलींची शाळा निघाली, आणि अध्यापक विद्यालयात पुरुषांबरोबर स्त्रियाही शिकू लागल्या. मी सावित्रीबाईंच्या नायगावच्या जिल्ह्यातली. भिडे वाड्यातली मुलींची शाळा 1848 ची, म्हणजे याच्या पंधरा वर्षं आधीची. वर्गात मी सावित्रीबाई आणि जोतीरावांबद्दल बोलले, लोकांनी त्यांच्यावर शेण फेकलं तेही सांगितलं. तास संपल्यावर एक इटालियन मुलगी आणि आमचे प्राध्यापक बराच वेळ विचारत राहिले. मला इतका अभिमान वाटला की खोलीवर येऊन आधी तुलाच फोन लावला होता, पण तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. इथल्या शाळेच्या भिंती, खुर्च्या, उजेड सगळं छान आहे, पण त्यावर माझा जीव जडला नाही. जडला तो इथल्या बाईंच्या वेळेवर. वर्गशिक्षिकेला आठवड्याला साधारण चोवीस तास शिकवायचं असतं, आणि बाकीचा वेळ तयारीसाठी, पालकांसाठी, सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी. मतदार याद्या नाहीत, सर्वेक्षण नाही, रोज कुठल्यातरी ॲपवर भरायची माहिती नाही. शाळा तपासनीस ही व्यवस्थाच इथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. बारावीच्या वयाला येईपर्यंत देशभर सगळ्यांची अशी एकही परीक्षा नाही. शिक्षक होणंच अवघड आहे. अर्ज करणाऱ्यांतल्या बहुतेकांना प्रवेश मिळत नाही, आणि पहिलीला शिकवायलासुद्धा पदव्युत्तर पदवी लागते. पण एकदा झालात की तुमच्यावर विश्वास. मी वर्गात मागे बसून बघते, आणि तू रात्री अकराला ओट्यावर मोबाईल टेकवून माहिती भरताना डोळ्यांसमोर येतेस. आई, तू कमी पडत नव्हतीस. तुझ्याकडून वेळ काढून घेतला जात होता. हे मला तुला लेखी द्यायचं होतं.

एक गोष्ट जवळून बघितली ती तुझ्या शाळेतल्या बिरूसाठी सांगते. वर्गातल्या एका मुलाला वाचन जमत नाही. त्याला आठवड्यातून काही वेळा शेजारच्या छोट्या खोलीत विशेष शिक्षिका घेऊन बसतात. तो नापास झालेला नाही, कुठली चिठ्ठीचपाटी नाही, अडतंय म्हटल्यावर लगेच मदत सुरू. पुस्तकात शब्दांचे तुकडे मध्ये छोटी आडवी रेघ देऊन छापलेले असतात. तो मुलगा बोट सरकवत एक तुकडा म्हणतो, थांबतो, दुसरा म्हणतो, मग दोन्ही जोडून शब्द. बाई घाई करत नाहीत, पुढचा तुकडा सुचवतही नाहीत. या विद्यापीठात वाचनाच्या अडचणींवर कित्येक वर्षं संशोधन झालंय. जन्मापासून मुलांचा मागोवा घेतलाय, अक्षर आणि आवाज यांची जोडी पक्की करणारा एक संगणकावरचा खेळही इथेच तयार झाला. फिनिशमध्ये लिहिलंय तसंच वाचायचं असतं, बरंचसं आपल्या मराठीसारखं. म्हणजे ही पद्धत बिरूला लागू पडायला हरकत नाही. दिवाळीनंतर मेंढ्यांबरोबर खाली जाणारं पोरगं पावसाळ्यात परत येतं तेव्हा सगळं विसरलेलं असतं, म्हणून तू हळहळतेस. त्याच्यासाठी असे तोडलेल्या शब्दांचे कागद मी तयार करतेय. धनगर वाड्यातल्या रोजच्या शब्दांचे, कोकरू, घोंगडी, पाणवठा असे.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. 2000च्या पिसा चाचणीत, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, वाचनात जगात पहिला आलेला हा देश 2022 पर्यंत गणितात आणि वाचनात बराच खाली आलाय, आणि त्याची चिंता इथले शिक्षक उघडपणे करतात. मुलांच्या हातातल्या मोबाईलवर 2025 मध्ये कायद्याने बंधनं आली. खेड्यांतल्या लहान शाळा इथेही मोठ्या संख्येने बंद झाल्या. पटसंख्या हा शब्द तुझ्या तोंडून जितक्या धास्तीने येतो तितक्याच धास्तीने इथल्या एका ग्रामीण शाळेच्या मुख्याध्यापिकेने तो विषय काढला. वस्तीवरची शाळा बंद झाली की काय जातं, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. मला वाटतं तुम्ही दोघी भेटलात तर दुभाष्याशिवाय तासभर बोलाल.

माझं सत्र मेअखेर संपतं. पुण्याला जाऊन कागदपत्रं पूर्ण केली की जूनमध्ये शाळा भरते त्या आठवड्यात मी तुझ्याबरोबर शाळेत येणार. पाहुणी म्हणून नाही, बिरू आणि त्याच्यासारखे आणखी जे असतील त्यांना घेऊन व्हरांड्यात बसणार, रोज परिपाठानंतर. तुझ्या सहकारी गुरुजींना आधी विचारून ठेव, आणि केंद्रप्रमुखांची परवानगी लागत असेल तर अर्ज कसा करायचा ते कळव. मुलांच्या वाचनाच्या नोंदी तुझ्या वहीत असतील, त्यांची पानं बाबांना फोटो काढून पाठवायला सांग. कोण कुठल्या अक्षराशी अडतंय ते समजलं तर कागद तसे करता येतील.

आजीला नमस्कार. छोटूला सांग, बर्फाचे फोटो आणखी पाठवते, पण आधी त्याने मला मराठीत पत्र लिहावं.

तुमची
मनू