आमटीची वाटी

कोथरूड, पुणे

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी मी आमटीची वाटी ताटावर आपटली आणि नातीसमोर तुला नको ते बोललो. तू मुकाट्याने जिना उतरलास, त्यामुळे सांगायचे राहिले. साडेबाराला जेवायचे ठरले म्हणून मी बाराला इन्सुलिन टोचून घेतले. तुमची गाडी नळ स्टॉपच्या चौकात अडकली आणि पाने वाढेपर्यंत सव्वा वाजून गेला. पोट रिकामे असले तरी इन्सुलिन रक्तातली साखर उतरवण्याचे आपले काम चोख करते. तू गेल्यावर तुझ्या आईने बोट टोचले तेव्हा बनियन घामाने चिंब होते, हात इतका थरथरत होता की रक्ताचा थेंब पट्टीला लागेना, आणि यंत्रात आकडा उमटला ५८. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी म्हणायची. मेंदू मुख्यतः याच साखरेवर चालतो. ती घटली की शरीर ॲड्रेनॅलिन सोडते, छाती धडधडते आणि जिभेला लगाम घालणारा विवेक मंदावतो. गंमत म्हणजे, त्या क्षणी माणसाला अनेकदा साखरेची शंकाही येत नाही. पोराला बापाची किंमत नाही, एवढेच खरे वाटते.

पण सगळे खापर साखरेवर फोडून मी मोकळा होणार नाही. चौदा वर्षे प्रत्येक घास मोजतो आहे. गणपतीत ‘एका मोदकाने काय होते’ म्हणणारे आणि ‘तुम्हाला चालते का?’ म्हणून ताटाकडे डोळे वटारणारे बहुधा एकाच घरातले असतात. सगळे पथ्य पाळूनही सकाळची साखर वाढलेली दिसली की परीक्षेत उगाच नापास केल्यासारखे वाटते. या शिणवट्याला डॉक्टर नैराश्याहून वेगळे मानतात, मात्र त्याबद्दल विचारल्याशिवाय आम्ही सांगत नाही. पुढच्या खेपेला मी सांगणार आहे.

आता माझी तक्रार. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून मी चिडलो, तेव्हा तू सर्वांदेखत म्हणालास, ‘बाबा, शुगर तपासा.’ घरी येऊन तपासली, १३२ निघाली. टाकी अजून गळतेच आहे. माझा प्रत्येक राग आजारात जमा झाला, तर मी बोलायचे तरी कधी?

म्हणून एवढेच कर. मी घामाघूम होऊन अकारण भडकलो, तर वाद घालू नकोस, प्रश्नही विचारू नकोस. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून हातात दे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. आकडा वर आल्यावरही मी रागावलेलाच असलो, तर तो राग माझा समज आणि ऐकून घे.

येत्या रविवारी तुमची गाडी दारात लागल्यावरच मी इन्सुलिन घेईन. वाटीला पोचा आला आहे. ती माझ्याच पानात वाढायला आईला सांगितले आहे.

तुझा,
बाबा