कमी उडालेले विमान निरोगी असतेच असे नाही

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

स्वतःचे छोटे विमान घेऊ इच्छिणाऱ्या उद्योजकांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी आस्थेने वाचला. बडोद्यातील मराठी कारखानदार आता विमानमालक होण्याचा विचार करू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु परदेशात वर्षानुवर्षे हँगरमध्ये उभी असलेली, फार थोडे तास उडालेली आणि म्हणून जवळजवळ नवीच असलेली एक-इंजिनी विमाने स्वस्तात मिळतात, ती पाहावीत, असा जो सल्ला त्या लेखात दिला आहे, तो वाचून गप्प राहणे मला योग्य वाटले नाही. विमानांच्या देखभालीत माझे नोकरीचे सारे आयुष्य गेले आहे आणि त्या अनुभवावरून मी सांगतो की पिस्टन इंजिनाचे विमान उडून जितके झिजते, त्याहून अधिक ते उभे राहून बिघडते.

लेखात बीचक्राफ्ट बोनान्झा, सेसना 210 आणि सायरस एसआर22 या विमानांचा उल्लेख होता. तिन्ही वेगवान आणि ताकदीची विमाने आहेत. अमेरिकी नियमांनुसार 200 अश्वशक्तीहून मोठे इंजिन असलेले विमान हाय-परफॉर्मन्स ठरते आणि ते चालवण्याआधी वैमानिकाने प्रशिक्षकाकडून स्वतंत्र तालीम घेऊन तशी नोंद आपल्या लॉगबुकात करवून घ्यावी लागते. सायरसचे इंजिन तर 310 अश्वशक्तीचे आहे. अशा इंजिनाचे ओव्हरहॉल, म्हणजे ते पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्याचे काम, करण्याची वेळ आली, तर तो खर्च जुन्या विमानाच्या खरेदी-किमतीचा मोठा हिस्सा गिळून टाकतो. त्यामुळे इंजिनाची खरी अवस्था कळल्याशिवाय विमान स्वस्त की महाग हे ठरवताच येत नाही.

इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिचा काही अंश पिस्टनच्या रिंगांपासून निसटून खाली तेलात मिसळतो आणि ज्वलनातून आलेल्या आम्लांसह तेथेच राहतो. विमान नियमितपणे तासभर उडत असेल, तर तेल पुरेसे तापते आणि हे पाणी निघून जाते. विमान उभे राहिले, तर तेच पाणी आतल्या पोलादावर काम करू लागते. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, हा क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, वरच्या बाजूस असतो, त्यामुळे इंजिन थांबल्यावर त्यावरचे तेल हळूहळू निथळून जाते आणि कॅमचे उंचवटे उघडे पडून त्यांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. पुढे इंजिन सुरू झाले की त्या खड्ड्यांपासून धातूचे कण सुटतात, कॅमवर टेकून झडपा ढकलणारे टॅपेट खराब होतात आणि ते कण तेलाबरोबर इंजिनभर फिरतात. कॉन्टिनेन्टल या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असल्यामुळे हा विशिष्ट धोका कमी आहे, पण सिलिंडरच्या भिंती तेथेही गंजतात. महिन्यातून एकदा विमान हँगरबाहेर काढून दहा मिनिटे जागच्या जागी इंजिन फिरवण्याची जी पद्धत अनेक मालक प्रामाणिक काळजीपोटी पाळतात, ती तर अपायच करते, कारण एवढ्या वेळात तेल तापत नाही आणि पाण्याची मात्र भर पडते. इंजिन बनवणाऱ्या कंपन्या ओव्हरहॉलसाठी तासांच्या मर्यादेबरोबरच 12 वर्षांची मुदत सांगतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका परिचित गृहस्थांनी मला असेच एक विमान तपासण्यास बोलावले होते. रंग चकचकीत होता, आसनांचे कातडे कोरे होते आणि एकूण तास खरोखरच थोडे होते. विमानाचे लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची व देखभालीची नोंदवही, चाळले, तेव्हा सलग काही वर्षे वार्षिक तपासणीच्या सहीखेरीज पानांवर दुसरे काहीच नव्हते. सर्व सिलिंडरांचे काँप्रेशन, म्हणजे हवेचा दाब टिकवून धरण्याची क्षमता, उत्तम आले आणि विक्रेत्याचा प्रतिनिधी तेवढ्यावर व्यवहार पुरा करू पाहत होता. परंतु काँप्रेशनच्या चाचणीत झडपांची आणि रिंगांची अवस्था कळते, कॅमशाफ्टची कळत नाही. मी एक सिलिंडर उतरवण्याचा आग्रह धरला आणि आत पाहिले, तर कॅमच्या उंचवट्यांवर खड्डे पडलेले होते. व्यवहार तेथेच थांबला. त्या गृहस्थांना थोडे वाईट वाटले, पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांना जे भोगावे लागले असते, ते टळले.

सांगाड्याविषयीही हीच दक्षता हवी. ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ मे 2019 मध्ये सेसना 210 जातीच्या एका विमानाचा पंख हवेतच तुटला आणि दोघांचा मृत्यू झाला. दोन्ही पंखांना जोडणाऱ्या मुख्य तुळईत गंजाच्या एका लहानशा खड्ड्यापासून भेग वाढत गेली होती. ही तुळई केबिनच्या छताच्या अस्तरामागे दडलेली असते. त्यानंतर 2020 मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने त्या तुळईची गंज आणि भेगांसाठी तपासणी अनिवार्य केली. जुन्या बोनान्झाच्या इंग्रजी व्ही आकाराच्या शेपटीबाबतही 1980 च्या दशकात मजबुतीकरणाचे अनिवार्य आदेश निघाले होते. असा प्रत्येक आदेश त्या विशिष्ट विमानावर केव्हा आणि कोणी पूर्ण केला, हे लॉगबुकात शोधणे हे खरेदीदाराचे पहिले काम आहे. रंग आणि रेडिओ नंतर पाहता येतात. सायरसच्या बाबतीत संपूर्ण विमानाला तारणारे पॅराशूट दर 10 वर्षांनी बदलावे लागते आणि तो खर्च जवळ आला की विमान विक्रीला काढणारे मालक असतात. उभ्या विमानात वेग मोजणाऱ्या पिटॉट नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, इंधनाच्या रबरी टाक्या सुकून तडकतात, ही किरकोळ वाटणारी कारणेसुद्धा जिवावर बेतू शकतात.

इंधनाविषयी लेखकाने व्यक्त केलेला अभिमान मात्र पूर्णपणे रास्त आहे. पूर्वी आयात करावे लागणारे 100 एलएल हे विमान-पेट्रोल इंडियन ऑइल आता आपल्याच शहराजवळच्या गुजरात रिफायनरीत तयार करते आणि सप्टेंबर 2022 मध्ये ते बाजारात आले. तरीही हे पेट्रोल प्रत्येक विमानतळावर मिळत नाही, त्यामुळे जाण्यायेण्याचा बेत आधी इंधन पाहूनच करावा लागतो. खासगी वापराच्या विमानावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के वस्तू व सेवा कर आहे, ही बाब लेखात यायला हवी होती.

आणखी एक गोष्ट येथील हवामानाची. आपली धावपट्टी समुद्रसपाटीपासून फारशी उंच नाही, पण मे महिन्याच्या दुपारी पारा 42 अंशांवर असताना हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी सुमारे 3,500 फुटांवर गेलेली असते. विरळ हवेत इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. सहा आसनांच्या विमानात सहा माणसे, सामान आणि पूर्ण भरलेल्या टाक्या असे एकत्र नेता येत नाही, हे विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही.

म्हणून माझी इच्छुकांना कळकळीची विनंती आहे की विसार देण्यापूर्वीच करारात तपासणीचे कलम लिहून घ्यावे. तपासणारा अभियंता त्या जातीच्या विमानाचा माहितगार असावा, त्याने ते विमान पूर्वी सांभाळलेले नसावे आणि त्याचे मानधन खरेदीदाराने द्यावे. सिलिंडरांत बोरोस्कोप, म्हणजे आतले दाखवणारी बारीक दुर्बीण, घालून पाहण्याची, तेलाचा फिल्टर कापून त्यातील धातूचे कण तपासण्याची आणि आवश्यक वाटल्यास एक सिलिंडर उतरवण्याची मुभा त्या कलमात स्पष्ट असावी, तसेच दोष आढळल्यास विसार परत मिळण्याची तरतूदही असावी. विक्रेत्याने यांपैकी एकाही गोष्टीस नकार दिला, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली तरी ते विमान घेऊ नये.

आपला,
एक निवृत्त विमान-देखभाल अभियंता
दांडिया बाजार, बडोदे