मनातला 'च' आणि ग्रुपवरचा 'च'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कामाच्या ताणावर लेख होता, दीर्घ श्वास घ्या, पहाटे उठा, मन खंबीर करा वगैरे. लेख वाईट नव्हता, पण मी तो वाचला तेव्हा आमच्या बँकेचं ताणमुक्तीचं वेबिनार चालू होतं, रविवारी सकाळी अकराला, कॅमेरा चालू ठेवणं कम्पलसरी आणि शेवटी अटेंडन्सची लिंक. बायको म्हणाली, अहो, ताण घालवायला बसलाय की वाढवायला? म्हणून हे पत्र.

तालुक्याच्या गावात कॅश काउंटरला बसून मला वीस वर्षं होतील. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी बघितलीय, रात्री दहा-अकरापर्यंत पाचशे-हजाराच्या नोटा मोजल्यात, पण तेव्हा का कोण जाणे एवढं काही वाटलं नाही, रांगेतलीच लोकं आम्हाला चहा आणून द्यायची. खरा मोडलो तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये. लाडकी बहीणचे पैसे जमा व्हायला लागले, आधार लिंक, केवायसी, आणि शटर वर करायच्या आधीच दीड-दोनशे बायका पायरीवर. आम्ही काउंटरला तिघं. एका आजींच्या आलेल्या पैशातून मिनिमम बॅलन्सचे जुने चार्जेस कापले गेले, त्या काचेपलीकडे उभ्या राहून रडल्या, आणि नियम काय मी केलाय का हे त्यांना सांगायचं तरी कसं. त्याच संध्याकाळी कॅश पाच हजारानं शॉर्ट. शोधून शोधून थकलो आणि शेवटी खिशातून भरले (कॅशियर लोकांना हे नवीन नाही).

त्यानंतर रात्री तीनला जाग यायला लागली, छातीत धडधड, डोक्यात नोटा मोजणं चालू. ईसीजी काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले हे हृदयाचं दुखणं नाही, कुणाशी तरी बोला. आता आमच्या गावात कुणाशी बोलणार, दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं असतं. मग १४४१६ ला फोन केला, सरकारची टेली मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिथून पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी एका समुपदेशक मॅडमकडे जायला लागलो.

त्यांनी जे शिकवलं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं १९५५ मध्ये सुरू केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या (आरईबीटी) पद्धतीतलं, म्हणजे मनातले हट्टी विचार तपासून बदलायचे; मराठीत ती रुजवली मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडक्यांनी. मला समजलं ते एवढंच की वाक्यातला 'च' शोधायचा. 'कॅश टॅली झालीच पाहिजे', 'माझी चूक होताच कामा नये', 'गिऱ्हाइकानं माझ्याशी नीट बोललंच पाहिजे'. त्यातला 'च' काढला की उरतं ते असं, कॅश टॅली व्हावी अशी माझी फार इच्छा आहे, नाही झाली तर वाईट वाटेल, पैसे जातील, पण मी काही नालायक ठरत नाही. वाचायला पोरकट वाटेल. मलाही वाटलं होतं. बाद झालेल्या पे-इन स्लिपांच्या पाठीमागे रोज एक वाक्य लिहायचो, 'च' वाल्याला गोल करायचो, तीन-चार महिन्यांनी झोप लागायला लागली. आणि याचा अर्थ ढिलाई नव्हे बरं का, नोटांचं पॅकेट मी आजही दोनदाच मोजतो, फक्त घरी येऊन तिसऱ्यांदा मोजत नाही.

पण संपादक साहेब, एक 'च' माझ्या हातात नाही. रात्री पावणेअकराला बँकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो, 'उद्या प्रत्येकाने दोन विमा पॉलिसी आणल्याच पाहिजेत'. त्याला खाली सगळे अंगठे दाखवतात, मीपण दाखवतो. हा 'च' कुठल्या स्लिपेवर गोल करू? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट (कामानं पार थकून, मोडून जाणं) आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत घेतलं तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या, हाताळल्या न गेलेल्या ताणाशी जोडलं. म्हणजे निम्मा इलाज तरी तिथेच हवा ना. २०१८ मध्ये सुप्रिया सुळेंनी ड्युटीनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याची तेव्हा लोकांनी टिंगलच जास्त केली, मीसुद्धा हसलो होतो.

आमचं मागणं फार नाही. रिकाम्या जागा भरा, संध्याकाळी सातनंतर टार्गेटचे मेसेज बंद करा, आणि खंबीर व्हायचं ट्रेनिंग द्यायचंच असेल तर ते बँकेच्या वेळेत द्या. पुढचं वेबिनार दुसऱ्या शनिवारी ठेवलंय असं कळलंय.

पत्र छापलंत तर नाव आणि गाव तेवढं गाळा, साहेब तुमचाच पेपर वाचतात.

आपला,
एक कॅशियर