मिलवॉकीच्या काकांस, टेन्सर जिवंत केल्याबद्दल

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या गोष्ट रचत खेळायच्या खेळातलं काल्पनिक जग म्हणजे ग्रेहॉक, त्याची पेटी पोचली. वहिनींनी ती साड्यांच्या घड्यांत ठेवून आणली, एक कोपरासुद्धा दुमडलेला नाही. पत्र खरं तर फक्त तुम्हालाच लिहायचं होतं, पण माझ्यासारखे गोंधळलेले डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळात गोष्ट चालवणारे) इकडे बरेच आहेत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

शनिवारी रात्री डोंबिवलीत आमचं पाच जणांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालतं, हे तुम्हाला माहीत आहेच. हाती लागेल त्या पीडीएफवरून मी ग्रेहॉक चालवत होतो. तिसऱ्या सेशनला मीच सांगितलं की टेन्सर हा जादूगार त्याच्याच साथीदाराच्या, रॅरीच्या दगाबाजीत मेला. सातव्या सेशनला तोच टेन्सर किल्ल्याच्या दारात उभा राहून माझ्याच तोंडून बोलायला लागला. आमच्या गटात एक वकील आहे. तिनं रीतसर उलटतपासणी घेतली.

फोनवर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "पुस्तकावर साल कुठलं आहे?" मी 576, 585 अशी त्या जगातली सालं सांगायला लागलो. "ते नव्हे रे, छपाईचं!" सगळी गाठ तिथेच सुटली. नकाशावर जे घडतं ते आधी खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीच्या कचेरीत घडलेलं असतं, हे त्या तासाभरात कळलं.

1972 मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हाला या खेळाच्या एका जनकानं, गॅरी गायगॅक्सनं, ग्रेहॉकच्या किल्ल्याखालचं तळघर रचलं आणि त्यात सगळ्यात आधी उतरली ती त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस. अर्नेस्टची इंग्रजी अक्षरं फिरवली की टेन्सर! म्हणजे ज्याला मी मारला, तो घरातलाच पोरगा. सुरुवातीला ग्रेहॉक शहर शिकागोच्या जागी होतं आणि डायव्हर्स हे दुसरं शहर तुमच्या मिलवॉकीच्या, म्हणून तेव्हापासून आमच्या टेबलावर तुमचं नाव डायव्हर्सकर काका.

मला सगळ्यात आवडला तो ग्रेहॉकच्या 1980 च्या पुस्तकाचा किस्सा. ते छापायचं ठरलं तेव्हा गायगॅक्सनं नकाशाचा जास्तीत जास्त आकार विचारला. उत्तर आलं, 34 बाय 22 इंच. एक कागद पुरेना, म्हणून दोन घेतले आणि उरलेली जागा भरायला नवी राज्यं रचली. जगाचा विस्तार छापखान्यानं ठरवला! चित्रकार डार्लीननं काढलेला तोच नकाशा तुमच्या 1983 च्या पेटीत आहे. दोन्ही कागद जोडले तेव्हा आमचं जेवणाचं टेबल पुरलं नाही, शेवटी फरशीवर पसरून गुडघे टेकून बसलो.

पुढचं सांगताना तुमचा आवाज जरा चढला होता. 1985 मध्ये कंपनीचा ताबा गायगॅक्सच्या हातून गेला, पुढच्या वर्षी तो बाहेर पडला, जग मात्र कंपनीकडेच राहिलं. 1988 मध्ये कंपनीनं त्याच्या किल्ल्याची टिंगल करणारं अख्खं पुस्तक काढलं. त्याच वर्षी त्यानं आपल्या कादंबरीत ते जगच नष्ट करून टाकलं. (वाटणीवरून भांडणारे भाऊ असलेल्या घरांना हे समजावून सांगायला नको.) 1991 च्या युद्धांच्या खेळात टेन्सर मेला, 1992 च्या पेटीत ग्रेट किंगडम या तिथल्या साम्राज्याचे तुकडे पडलेले, आणि मग ग्रेहॉकची मालिकाच थांबली. तयार झालेलं एक पुस्तक तर छापलंच गेलं नाही, 1995 मध्ये त्याचा नुसता मजकूर फुकट सोडून दिला. 1997 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टनं कंपनी विकत घेतली आणि 1998 मध्ये टेन्सर परतला.

म्हणजे माझी दोन्ही सेशन्स बरोबर होती, मी फक्त मधली सात वर्षं गिळली होती. वकीलबाईंनी हे मान्य केलं, पण लेखी मागितलं. हे पत्र पुरावा म्हणून दाखल करतोय.

आता तुमचंच ऐकून 576 पासून नव्यानं सुरुवात केली आहे. गंमत म्हणजे 2024 च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्येही ग्रेहॉक पुन्हा 576 वरच आलंय, त्यामुळे नवी मुलं आणि तुमची पेटी एकाच सालात भेटतात. परवा टेन्सर भेटला, बरा आहे.

पेटी कोणाबरोबर परत पाठवू ते कळवा. नकाशा मात्र अजून महिनाभर लागेल. काकूंना नमस्कार.

तुमचा,
डोंबिवलीचा डीएम