उतरायच्या वळणावर

प्रिय सुहास,

‘कसरती आटोपल्या होत्या, विमानतळ समोर होता, तरी विमान आदळलं म्हणजे पायलटचीच चूक’ हे तुझं वाक्य दोन दिवस मला टोचतंय. म्हणून लिहायला बसलो.

इंग्लंडमधल्या बोर्नमथची ती दुर्घटना २० ऑगस्ट २०११ची. ब्रिटिश हवाई दलाच्या ‘रेड ॲरोज’ या कसरती पथकाची नऊ हॉक विमानं प्रेक्षकांसमोरच्या कसरती संपवून परतत होती. उतरण्याआधी वेग मोडायला आणि एकमेकांत अंतर पाडायला विमानं झपकन वळतात. त्याला ते ‘ब्रेक’ म्हणतात. त्या वळणानंतर वैमानिक जॉन एगिंगचं विमान खालीच येत गेलं आणि स्टाउर नदीपाशी कोसळलं. वय अवघं ३३.

पहिला संशय इंजिनावर नाहीतर पक्ष्यावर जातो, आणि तो उगाच नाही. २०२० साली कॅनडात कॅमलूप्सला ‘स्नोबर्ड्स’ या तिथल्या कसरती पथकाच्या विमानाने जमीन सोडली न सोडली तोच इंजिनात पक्षी शिरला, त्यात कॅप्टन जेन केसी गेली. उंचीचा हिशेबही चुकतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयडाहोत ‘थंडरबर्ड्स’ या अमेरिकी कसरती पथकाच्या वैमानिकाने तो चुकवला. विमान आपटायच्या जेमतेम सेकंदभर आधी तो आसनासकट बाहेर पडला, म्हणून वाचला.

बोर्नमथच्या चौकशीत मात्र बोट गेलं ते ‘जी’कडे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजतात त्या भाराकडे. करकचून वळताना पाच-सहा जीचा भार आला, की रक्तही तितक्या पटीने जड होतं. ते पायांकडे ओढलं जातं, हृदयाला मेंदूपर्यंत चढवता येत नाही. रंग विझतात, नजर कडांकडून आक्रसते. वैमानिक मांड्या-पोट आवळून, श्वास कोंडून रक्त वर धरून ठेवतात. जी-सूट, म्हणजे त्यासाठीचा खास पोशाख, फुगून पाय दाबतो. पण भार एकदम आला तर नजर अंधारायची सूचनाही मिळत नाही. आणि सुहास, माणूस पूर्ण बेशुद्धच व्हायला हवा असंही नाही. डोळे उघडे असतात, हात स्टिकवर असतो, फक्त मेंदूचा हुकूम हाताला पोचत नाही. एगिंगचं असंच काहीसं झालं असावं, असा निष्कर्ष निघाला.

एरवी काही सेकंदांत माणूस सावरतो. तेवढ्या सेकंदांपुरती उंची त्याच्याखाली नव्हती.

हे वाचून झाल्यावर ते ‘त्याचीच चूक’ मागे घेतलंस, तर मला फार बरं वाटेल. उत्तर लिही.

तुझा,
अविनाश