आधी मोजा, मग खणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युरेनियम खाणीजवळच्या वन्यप्राण्यांत किरणोत्सारी द्रव्ये सापडल्याची बातमी आली की उत्तरे ठरलेली असतात. कंपनी म्हणते, प्रमाण मर्यादेच्या आत आहे. विरोधक विचित्र पिल्लांची छायाचित्रे फिरवतात, आणि त्यांतली बरीचशी खाणींशी संबंध नसलेलीच असतात. युरोपातल्या ज्या रानडुकरांचा दाखला हमखास दिला जातो, त्यांच्या मांसातले सीझियम चेर्नोबिलचे आणि अणुचाचण्यांचे आहे, खाणींचे नव्हे. या गलक्यात साधा प्रश्न मागे पडतो. खाण सुरू होण्यापूर्वी त्या प्राण्यांच्या अंगात हे किती होते?

हा प्रश्न कळीचा का, ते कॅनडाच्या उत्तर भागातल्या कॅरिबू या हरणांकडे पाहिले की कळते. हे प्राणी हिवाळा मुख्यतः दगडफुलावर काढतात. दगडफुलाला मुळे नसतात, ते हवेतूनच पोषण घेते. जमिनीतून निघालेल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूपासून हवेत शिसे-२१० आणि पोलोनियम-२१० ही किरणोत्सारी द्रव्ये तयार होतात आणि दगडफुलावर साठत जातात. तिथून ते कॅरिबूच्या यकृतात आणि मूत्रपिंडात उतरतात, पुढे त्याला खाणाऱ्या लांडग्यात. गंमत अशी, की जिथे खाणीचा मागमूस नाही तिथेही हे घडते. कॅनडाच्याच सस्कॅचेवान प्रांताच्या उत्तर भागात खाणींजवळच्या कॅरिबूंचा अभ्यास झाला आहे; पण हे कळप शेकडो किलोमीटर भटकतात. त्यांच्या मूत्रपिंडातले पोलोनियम निसर्गाचे किती आणि खाणीच्या धुळीचे किती, हे नुसत्या एका आकड्यावरून कसे सांगणार? त्या आकड्यावर 'काही नाही' म्हणणारा आणि 'अनर्थ' म्हणणारा, दोघेही अंधारातच तीर मारतात.

ऑस्ट्रेलियातल्या काकाडू परिसरात रेंजर या युरेनियम खाणीच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या मगेला ओढ्यातल्या शिंपल्यांवर बरीच वर्षे लक्ष ठेवले गेले. युरेनियमसोबत सापडणारे किरणोत्सारी रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमसारखे वागते, म्हणून ते शिंपल्याच्या शरीरात साठते आणि वयाबरोबर वाढत जाते. स्थानिक मिरार लोक हे शिंपले खातात, त्यामुळे तपासणी कडक होती. तुलनेसाठी खाणीचे पाणी न पोहोचणाऱ्या पाणवठ्यातलेही शिंपले घेतले गेले. मला महत्त्वाची वाटते ती ही तुलना. मात्र इथेही शिंपल्याचा विचार झाला तो मुख्यतः माणसाच्या ताटातला पदार्थ म्हणून.

हा दृष्टिकोन जुना आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाची १९७७ च्या शिफारशींतली भूमिका अशी होती, की माणूस सुरक्षित असेल तर इतर जीवजातीही पुरेशा सुरक्षित असतात. बिळात राहणाऱ्या प्राण्याला हे कोणी सांगायचे? रेडॉन हवेहून जड, बिळात कोंडून राहतो. आणि उंदीर, घुशी दिवसाचे कित्येक तास त्याच हवेत श्वास घेतात. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा डोस काढून त्यांचा अंदाज येत नाही. पुढे आयोगानेच ही भूमिका बदलली आणि २००८ मध्ये हरीण, उंदीर, बदक, बेडूक, मधमाशी, गांडूळ असे १२ नमुना प्राणी व वनस्पती ठरवून दिल्या. कागदावर तरी प्राण्यांना स्वतंत्र जागा मिळाली.

आणखी एक गोष्ट किरणोत्साराच्या चर्चेत हरवते. युरेनियम हा जड धातू आहे आणि मूत्रपिंडाला तो आधी रासायनिक विष म्हणून बाधतो. किरणोत्सार मोजणारे गायगर यंत्र हे दाखवत नाही. कोरड्या प्रदेशात खाणीचे साठवण-तळे हा पक्ष्यांना आणि वटवाघळांना आयता पाणवठा ठरतो. पंख असणाऱ्यांना कुंपण कसले?

खाण बंद झाली म्हणजे विषय संपला, असेही नाही. युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या गाळात मूळ खनिजाचा सुमारे ८५ टक्के किरणोत्सार शिल्लक असतो. त्यातल्या थोरियम-२३० चे अर्धायुष्य (म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे ७५ हजार वर्षे, रेडियम-२२६ चे १६०० वर्षे. न्यू मेक्सिकोत चर्च रॉक इथला गाळाचा बांध १६ जुलै १९७९ रोजी फुटला आणि आम्लयुक्त किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. त्या नदीवर तिथल्या मूळनिवासी नवाहो लोकांची मेंढरे पाणी पीत.

चांगले उदाहरणही आहे. ग्रँड कॅन्यनजवळ, आता पिनियन प्लेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाणीत खनिज काढणे सुरू होण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तिथल्या वनस्पतींचे आणि प्राण्यांचे नमुने तपासून ठेवले. उद्या तिथल्या उंदरात युरेनियम वाढले, तर ते कशाशी ताडून पाहायचे हे ठाऊक आहे.

हेच मंजुरीच्या अटींत यावे, एवढे माझे म्हणणे. निदान बिळात राहणारा एक प्राणी, एक पाणजीव आणि एक पक्षी यांची खाणीआधीची मोजणी झाल्याशिवाय परवाना नको. मोजणी स्वतंत्र प्रयोगशाळेत व्हावी, आणि खाण बंद झाल्यानंतरच्या तपासणीचा पैसा कंपनीकडून आधीच वेगळा काढून घ्यावा. पोलोनियम-२१० चे अर्धायुष्य १३८ दिवसांचे आहे. नमुना वर्षभर कपाटात पडून राहिला, तर मुळातल्या पोलोनियमचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. म्हणून नमुना घेतल्याची आणि मोजल्याची, अशा दोन्ही तारखा अहवालात छापणे सक्तीचे करावे.

आपला,
एक वाचक